समजून घ्या : एमबीबीएसच्या पहिल्याच वर्षी पेशंट कशासाठी? मूलभूत विज्ञान आणि वॉर्ड एकत्र शिकवण्याचा प्रयोग कुठवर आलाय?

पहिलं वर्ष डिसेक्शन हॉलमध्ये, दुसरं वर्ष मायक्रोस्कोपसमोर आणि खरी डॉक्टरकी त्यानंतर. भारतातल्या डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या या क्रमानं शिकल्या. २०१९ मध्ये हा क्रम मोडायला सुरुवात झाली. त्या वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपासून एमबीबीएसला नवा ‘क्षमताधारित’ अभ्यासक्रम लागू झाला. शरीर कसं चालतं हे शिकवतानाच ते बिघडलं की काय होतं हेही शिकवायचं, आणि पेशंटपर्यंत पोहोचायला थांबायचं नाही, हा त्याचा गाभा.

त्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी आता इंटर्नशिप संपवून डॉक्टर झाले आहेत. त्यांपैकी कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे, कुणी कॅज्युअल्टीत, तर कुणी पीजीच्या तयारीत. त्यामुळे हा बदल नेमका काय होता, तो का करावा लागला आणि कागदावरचा किती भाग वर्गात उतरला, हे समजून घेण्याची ही योग्य वेळ आहे. प्रश्न फक्त विद्यार्थ्यांचा नाही. रात्री दोन वाजता तुमच्या घरच्या माणसाचा ईसीजी बघणारा डॉक्टर कसा विचार करतो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

जुन्या पद्धतीत अडचण काय होती?

एमबीबीएसचे विषय ढोबळमानानं तीन गटांत मोडतात. पहिला गट प्रीक्लिनिकल : ॲनाटॉमी म्हणजे शरीररचनाशास्त्र, फिजिऑलॉजी म्हणजे शरीरक्रियाशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे जीवरसायनशास्त्र. दुसरा पॅराक्लिनिकल : पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी वगैरे. तिसरा क्लिनिकल : मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग इत्यादी. जुन्या रचनेत एक गट संपवायचा, परीक्षा द्यायची आणि पुढच्या गटात जायचं.

यात एकच आजार किती तुकड्यांत विभागला जायचा, हे ॲनिमियाच्या म्हणजे रक्तक्षयाच्या उदाहरणावरून कळतं.

• अन्नातलं लोह लहान आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, त्याची रचना ॲनाटॉमीत, पहिल्या वर्षी.
• लाल रक्तपेशी कशा तयार होतात, हे फिजिऑलॉजीत.
• हिमोग्लोबिनची रासायनिक रचना बायोकेमिस्ट्रीत.
• लोह कमी पडलं की पेशी आकारानं लहान आणि रंगानं फिकट कशा दिसतात, हे पॅथॉलॉजीत, दुसऱ्या वर्षी.
• रक्त शोषणारे हुकवर्म म्हणजे आतड्यातले जंत मायक्रोबायोलॉजीत.
• लोहाच्या गोळ्या फार्माकोलॉजीत.
• गरोदरपणातला ॲनिमिया स्त्रीरोग विभागात, शेवटच्या वर्षी.
• राज्यात किती महिलांना ॲनिमिया आहे, हे पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रात.

म्हणजे आठ विषय, आठ प्राध्यापक आणि पहिल्या व शेवटच्या लेक्चरमध्ये तीन-चार वर्षांचं अंतर. हे तुकडे जोडायचं काम विद्यार्थ्यावर सोडलेलं. ते कुणी शिकवत नव्हतं आणि परीक्षेत कुणी विचारतही नव्हतं.

आणि हा आजार दुर्मीळ आहे असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. इथल्या प्रत्येक डॉक्टरसमोर रोज येणारा हा आजार आहे.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ही गत ओळखीची वाटेल. लाप्लास ट्रान्सफॉर्म आधी पाठ होतो आणि तो सर्किटमध्ये कशासाठी लागतो ते दोन वर्षांनी कळतं. तोवर तो विसरलेला असतो. फरक इतकाच की इथे विसरलेल्या भागाची किंमत पेशंट मोजतो.

‘आधी विज्ञान, मग पेशंट’ हे आलं कुठून?

या रचनेचं मूळ अमेरिकेत आहे. अब्राहम फ्लेक्सनर हे स्वतः डॉक्टर नव्हते, शाळा चालवणारे शिक्षणतज्ज्ञ होते. कार्नेगी फाउंडेशनसाठी त्यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ मेडिकल कॉलेजांची पाहणी केली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. त्या काळी तिथली अनेक कॉलेजं म्हणजे फी घेऊन पदवी वाटणारी दुकानं होती. त्यांत धड प्रयोगशाळा नव्हत्या आणि हक्काचं रुग्णालयही नव्हतं. फ्लेक्सनर यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवला : दोन वर्षं प्रयोगशाळेतलं विज्ञान, दोन वर्षं रुग्णालय.

त्या काळासाठी हे मोठं पाऊल होतं. वैद्यकशास्त्राला विज्ञानाचा पाया मिळाला. मात्र पुढे या दोन भागांमध्ये भिंत उभी राहिली. विषयागणिक विभाग झाले, विभागागणिक विभागप्रमुख, वेळापत्रक आणि परीक्षा. विज्ञान शिकवणारे आणि पेशंट बघणारे वेगवेगळ्या इमारतींत बसू लागले.

भिंत पाडायचे प्रयत्नही जुने आहेत. क्लीव्हलँडच्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं १९५२ मध्येच विषयांऐवजी हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड अशा अवयवसंस्थांप्रमाणे शिकवायला सुरुवात केली. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ मध्ये २० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. तिथे लेक्चरऐवजी पेशंटची समस्या समोर ठेवायची आणि ती सोडवताना लागेल ते विज्ञान शिकायचं, अशी पद्धत सुरू झाली. समस्याधारित शिक्षण म्हणून ती जगभर पसरली. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं १९९३ मध्ये ‘टुमॉरोज डॉक्टर्स’ या दस्तऐवजातून पाठांतराचं ओझं कमी करून विषय एकत्र आणायला सांगितलं.

भारतात भोर समितीनं १९४६ मध्येच गावपातळीवर काम करू शकेल अशा ‘बेसिक डॉक्टर’ची कल्पना मांडली होती. १९९७ च्या वैद्यकीय शिक्षण नियमांमध्येही एकात्मिक अध्यापनाचा उल्लेख होता. पण ते कसं करायचं, किती तास द्यायचे आणि कोणी करायचं, हे स्पष्ट नसल्यानं बहुतेक ठिकाणी तो उल्लेखच राहिला.

‘इंटिग्रेशन’ म्हणजे नेमकं काय?

हा शब्द सैलपणे वापरला जातो, म्हणून त्याचे दोन प्रकार आधी लक्षात घेतले पाहिजेत.

आडवं एकत्रीकरण : एकाच वर्षातले विषय एकमेकांशी जोडणं. उदाहरणार्थ, ॲनाटॉमीत हृदय चालू असेल त्याच आठवड्यात फिजिऑलॉजीत रक्ताभिसरण घेणं.

उभं एकत्रीकरण : वेगवेगळ्या वर्षांतले विषय जोडणं. पहिल्या वर्षी हृदयाच्या रक्तवाहिन्या शिकवताना मेडिसिनच्या प्राध्यापकांनी हार्ट अटॅकचा ईसीजी दाखवणं. आणि उलट दिशेनं, शेवटच्या वर्षी हार्ट अटॅक शिकवताना पुन्हा त्या रक्तवाहिन्यांकडे वळणं. हा दुसरा, परतीचा प्रवास बहुतेक कॉलेजांत राहून जातो.

स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाचे रोनाल्ड हार्डन यांनी २००० मध्ये याची ११ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यांत खालच्या पायरीवर प्रत्येक विषय आपापल्या कोशात असतो. मधल्या पायऱ्यांवर विषय वेगळेच राहतात, पण वेळापत्रक जुळवलं जातं किंवा दोन विभाग मिळून एखादं सत्र घेतात. सर्वांत वरच्या पायरीवर विषयांच्या सीमाच पुसल्या जातात आणि विद्यार्थी थेट प्रत्यक्ष कामातून शिकतो.

भारतानं या शिडीची वरची पायरी निवडलेली नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडे विषय, विभाग आणि विषयवार परीक्षा कायम आहेत. भर आहे तो वेळापत्रक जुळवण्यावर आणि काही निवडक विषय एकत्र शिकवण्यावर. शेकडो कॉलेजांत एकाच वेळी बदल करायचा असताना ही सावध निवड समजण्यासारखी आहे. पण त्यामुळे बदलाला मर्यादाही पडतात.

२०१९ मध्ये काय काय बदललं?

तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानं २०१८ मध्ये तीन खंडांत नवा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. पुढे २०२० मध्ये कौन्सिलची जागा राष्ट्रीय वैद्यक आयोगानं म्हणजे एनएमसीनं घेतली, पण अभ्यासक्रमाचा गाभा तोच राहिला. ठळक बदल असे :

१. धड्यांऐवजी क्षमता. ‘हृदय’ असा धडा न लिहिता विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते लिहिलं गेलं. एकट्या ॲनाटॉमीत अशा चारशेहून अधिक क्षमता आहेत, सर्व विषयांत मिळून अडीच हजारांहून अधिक. प्रत्येकीसमोर पातळी दिलेली आहे : माहिती असणं, कसं करायचं ते माहिती असणं, करून दाखवता येणं आणि स्वतंत्रपणे करता येणं. ही कल्पना जॉर्ज मिलर यांच्या १९९० मधल्या प्रसिद्ध पिरॅमिडवरून घेतलेली आहे.

२. प्रत्येक क्षमतेसमोर जोडणीचा रकाना. ही गोष्ट शिकवताना कोणता दुसरा विषय जोडायचा, आडवा की उभा, हे तक्त्यातच नमूद केलं गेलं.

३. ‘अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर’. पहिल्याच वर्षी पेशंटशी ओळख. २०१९ च्या नियमांत यासाठी ९० तास राखून ठेवले होते. यात वर्गात केस आणून चर्चा करणं, रुग्णालयात जाणं आणि वस्तीत जाणं, असे तिन्ही प्रकार येतात.

४. लेक्चरवर मर्यादा. एकूण वेळेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ लेक्चरला द्यायचा नाही. उरलेला वेळ प्रात्यक्षिकं, गटचर्चा आणि वॉर्डसाठी.

५. परतीचा प्रवास. तिसऱ्या टप्प्यातला २५ टक्के वेळ आधीच्या वर्षांतल्या विषयांशी सांगड घालण्यासाठी वापरायचा आणि त्याचं मूल्यमापन क्लिनिकल विषयांतच करायचं.

६. ‘एटकॉम’. वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद यांचं स्वतंत्र शिक्षण. पेशंटला वाईट बातमी कशी सांगायची, संमती कशी घ्यायची, हे आता अभ्यासक्रमाचा भाग आहे.

यासोबत काही आजार ‘एकत्र शिकवण्याचे विषय’ म्हणून निवडले गेले. त्यांत ॲनिमिया, हृदयाला रक्तपुरवठा कमी पडणं, मधुमेह, क्षयरोग यांचा समावेश आहे. भारतात रोज दिसणारे आणि अनेक विषयांना स्पर्श करणारे हे आजार आहेत.

एकत्र शिकवलं की फरक काय पडतो?

पुन्हा ॲनिमियाकडे येऊ. समजा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर ओपीडीत आलेल्या एका महिलेची केस ठेवली. हिमोग्लोबिन कमी, तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू, फरक नाही. का?

इथून एकेक विषय आपोआप उघडतो. गोळी चहासोबत घेतली जाते का? चहामुळे लोहाचं शोषण कमी होतं, ही बायोकेमिस्ट्री. मासिक पाळीत रक्तस्राव जास्त आहे का? हे स्त्रीरोगशास्त्र. शेतात अनवाणी काम करते का, पोटात हुकवर्म असू शकतात का? ही मायक्रोबायोलॉजी. गोळीनं मळमळतं म्हणून दोन आठवड्यांतच बंद केली आणि सांगायला संकोच वाटला, असं तर नाही? फार्माकोलॉजी आणि संवादकौशल्य, दोन्ही.

आणि ही महिला नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यावरची असेल तर आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते : सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीतलं फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि तेवढ्यानं लाल पेशी विळ्याच्या आकाराची होते. अशा पेशंटला फक्त लोहाच्या गोळ्या देत राहण्यानं मूळ प्रश्न सुटत नाही. बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात ही एका ओळीची माहिती असते आणि बहुतेकांना ती पाठही असते. पण ती ओळ मेळघाटातल्या ओपीडीत आठवायची असेल, तर ती पेशंटसोबत शिकलेली असावी लागते. देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०४७ चं लक्ष्य ठेवलं गेलं. ती राबवणारे डॉक्टर आज वर्गात आहेत.

दुसरं उदाहरण कॅज्युअल्टीतलं. हार्ट अटॅक आला की जिभेखाली नायट्रेटची गोळी, असं ढोबळ समीकरण अनेकांच्या डोक्यात असतं. पण हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असेल आणि त्यात उजवा कप्पाही सापडला असेल, तर हीच गोळी धोकादायक ठरू शकते. उजव्या बाजूची रक्तवाहिनी हृदयाच्या खालच्या भागाला आणि उजव्या कप्प्याला रक्त पुरवते, ही ॲनाटॉमी. दुखावलेला उजवा कप्पा शिरांमधून परत येणाऱ्या रक्तावर अवलंबून राहतो, ही फिजिऑलॉजी. नायट्रेट शिरा सैल करतं आणि परत येणारं रक्त कमी करतं, ही फार्माकोलॉजी. या तीन ओळी जोडल्या की रक्तदाब कोसळू शकतो, हे समजतं. म्हणून अशा पेशंटमध्ये गोळी देण्याआधी उजव्या बाजूचा ईसीजी काढला जातो.

‘अमुक प्रकारात नायट्रेट नको’ असा नियम पाठ करता येतो. पण दोन वर्षांनी दमलेल्या अवस्थेत नियम विसरला जातो. कारण माहिती असेल तर नियम पुन्हा बांधता येतो.

संशोधन काय सांगतं?

हा फक्त अंदाज नाही. कॅनडातल्या निकोल वूड्स, ली ब्रूक्स आणि जेफ्री नॉर्मन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही आजार दोन पद्धतींनी शिकवले. एका गटाला लक्षणं आणि ती किती वेळा दिसतात याची माहिती, दुसऱ्या गटाला लक्षणांमागचं शारीरिक कारण. लगेच घेतलेल्या चाचणीत दोन्ही गट सारखेच होते. आठवड्यानं पुन्हा चाचणी घेतली तेव्हा कारण शिकलेला गट पुढे होता. मूलभूत विज्ञान लक्षणांना एका धाग्यात ओवतं आणि धागा असेल तर मणी हरवत नाहीत, असा त्याचा अर्थ.

हेन्क श्मिट आणि हेनी बॉशहाउझेन या डच संशोधकांनी अनुभवी डॉक्टरांचा अभ्यास केला. अनुभवी डॉक्टर रोजच्या केसमध्ये पेशींपर्यंत जाऊन विचार करताना दिसत नाहीत. पण ते ज्ञान गेलेलं नसतं, गाठोड्यात बांधून ठेवलेलं असतं. केस अवघड झाली की गाठोडं सोडलं जातं.

याच संशोधनातून एक इशाराही मिळतो. दोन विषय एका आठवड्यात शेजारी ठेवले म्हणजे ते विद्यार्थ्याच्या डोक्यात जुळतीलच असं नाही. २०१३ मध्ये कुलशेगरम आणि सहकाऱ्यांनी मांडलेला मुद्दा असा की जोडणी वेळापत्रकात नव्हे, एकाच सत्रात, एकाच वाक्यात व्हायला हवी : ‘हे लक्षण दिसतं, कारण आत हे घडतंय.’ सकाळी ॲनाटॉमी आणि दुपारी मेडिसिनचं लेक्चर ठेवून हे होत नाही.

निव्वळ समस्येवर आधारलेल्या पद्धतीचेही तोटे दिसले आहेत. विमला पटेल आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पारंपरिक आणि समस्याधारित कॉलेजांमधल्या विद्यार्थ्यांची तुलना केली. समस्याधारित पद्धतीत शिकलेले विद्यार्थी विज्ञानाचा आधार जास्त घेत होते, पण त्यांच्या स्पष्टीकरणांत चुकाही जास्त होत्या. म्हणून ‘सगळं केसमधूनच शिकवा’ हेही उत्तर नाही. पाया नीट घातला गेला पाहिजे, हा ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीच्या जुन्या प्राध्यापकांचा आग्रह अगदीच चुकीचा नाही.

मग अडतंय कुठे?

पहिली अडचण गणिताची. मुंबईचं ग्रँट आणि केईएमचं सेठ जी. एस., पुण्याचं बी. जे., नागपूरचं मेडिकल कॉलेज इथे एका वर्षाला २५० विद्यार्थी असतात. १५ जणांचा गट केला तरी १७ गट होतात. हृदय शिकवण्याच्या आठवड्यात सगळ्या १७ गटांनी हृदयरोगाच्या वॉर्डात असणं अशक्यच. पोस्टिंग आळीपाळीनं लागतात, त्यामुळे एखादा गट वॉर्डात पोहोचतो तेव्हा तो विषय वर्गात होऊन सहा महिने झालेले असतात, किंवा अजून व्हायचा असतो. केस वर्गात आणणं हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे. पण वर्गात २५० जण असतील तर त्याचंही लेक्चर होऊन जातं.

दुसरी अडचण माणसांची. एकत्र सत्र घ्यायचं तर मेडिसिनच्या प्राध्यापकांनी ओपीडी सोडून पहिल्या वर्षाच्या वर्गात यायला हवं. सरकारी रुग्णालयात सकाळी ओपीडीबाहेरची रांग बघितली तर हे किती अवघड आहे ते कळतं. दुसऱ्या बाजूला, प्रीक्लिनिकल विषयांकडे एमबीबीएस झालेले तरुण फारसे वळत नाहीत. कारण तिथे प्रॅक्टिस नाही आणि उत्पन्न कमी आहे. हे विषय एमएस्सी-पीएचडी झालेले शिक्षकही शिकवतात. त्यांचा विषय पक्का असतो, पण पेशंट तपासण्याचं प्रशिक्षण नसतं. अशा वेळी दोघांनी मिळून शिकवणं हाच मार्ग, आणि त्यासाठी वेळापत्रकात दोघांचा वेळ जुळायला हवा.

तिसरी अडचण विस्ताराची. २०१४ मध्ये देशात ३८७ मेडिकल कॉलेजं आणि ५१,३४८ एमबीबीएसच्या जागा होत्या. २०२४-२५ मध्ये कॉलेजांची संख्या ७८० च्या घरात आणि जागा १ लाख १५ हजारांच्या पुढे गेल्या होत्या. महाराष्ट्रातही अनेक जिल्ह्यांत नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. जिथे मंजूर पदंच भरलेली नाहीत, तिथे दोन प्राध्यापकांनी मिळून एक सत्र घेणं ही चैन ठरते.

चौथी अडचण कोविडची. २०१९ ची पहिली तुकडी पहिल्या वर्षात असतानाच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ज्या वर्षी पेशंटशी लवकर ओळख व्हायची, त्याच वर्षी वर्ग मोबाइलच्या स्क्रीनवर गेले. त्यामुळे पहिल्या तुकडीवरून नव्या पद्धतीचं यशापयश ठरवणं घाईचं होईल.

परीक्षा बदलली का?

विद्यार्थी अभ्यासक्रम वाचून नव्हे, तर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका वाचून अभ्यास करतात, हे उघड गुपित आहे. पेपरांमध्ये केसवर आधारित प्रश्न आता येतात. पण परीक्षा अजूनही विषयवार आहेत. ॲनाटॉमीच्या पेपरात ॲनाटॉमी, पॅथॉलॉजीच्या पेपरात पॅथॉलॉजी. नापास व्हायचं तेही विषयातच.

त्यावर पीजी प्रवेशाचं दडपण. नीट-पीजीची तयारी करून घेणारी ॲप आणि क्लास ‘१९ विषय’ अशी मांडणी करून विकले जातात. कॉलेजनं जोडलेलं क्लास पुन्हा सुटं करतो, असं त्यातून होतं. अर्थात नीट-पीजीतल्या प्रश्नांचं स्वरूपही बदलतंय. थेट माहिती विचारण्याऐवजी पेशंटचं वर्णन देऊन विचारलेल्या प्रश्नांना तिथेही महत्त्व आलं आहे.

एमबीबीएसची अंतिम परीक्षा, परवाना आणि पीजी प्रवेश या तिन्हींसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा आणण्याची तरतूद २०१९ च्या कायद्यात आहे. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. ती कधीही आली तरी खरा प्रश्न तोच राहील : ती पाठांतर तपासणार की जोडणी? अमेरिकेनं २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणं थांबवून फक्त पास-नापास ठेवलं. हा टप्पा मुख्यतः मूलभूत विज्ञानाचा आहे आणि त्यातल्या गुणांच्या स्पर्धेनं सगळा अभ्यास व्यापला होता.

महाराष्ट्राकडे शिदोरी आहे का?

आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी विद्यार्थी गावात शिबिराला जातात, त्यांच्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात आणि पुढची वर्षं ते त्यांच्या संपर्कात राहतात. हिमोग्लोबिन ही पुस्तकातली संख्या न राहता ओळखीच्या घरातल्या बाईची तब्येत बनते. एनएमसीनं पुढे देशभर आणलेल्या ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमाचं हे जुनं रूप म्हणता येईल.

शिक्षकांना शिकवण्याचं काम करणारी केंद्रंही राज्यात आहेत. मुंबईचं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि वर्ध्याजवळच्या सावंगीचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज ही वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाची राष्ट्रीय पातळीवरची नोडल केंद्रं राहिली आहेत. नवा अभ्यासक्रम कसा राबवायचा, याचं प्रशिक्षण अशाच केंद्रांमार्फत कॉलेजांपर्यंत पोहोचलं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षा राज्यातली बहुसंख्य कॉलेजं देतात. त्यामुळे प्रश्नपत्रिकेत जोडणी दिसू लागली, तर तिचा परिणाम एकाच वेळी हजारो विद्यार्थ्यांच्या अभ्यासावर होऊ शकतो.

प्रवेश घेताना काय विचारावं?

कॉलेज निवडताना कटऑफ, फी आणि होस्टेल यांची चौकशी सगळेच करतात. त्यासोबत सीनियर विद्यार्थ्यांना हे पाच प्रश्न विचारून बघा :

• पहिल्या वर्षी रुग्णालयात प्रत्यक्ष किती वेळा नेलं? की हे तास फक्त वेळापत्रकात आहेत?
• मेडिसिन-सर्जरीचे प्राध्यापक पहिल्या वर्षाच्या वर्गात येतात का?
• वॉर्डात एका बेडभोवती किती विद्यार्थी उभे असतात?
• रुग्णालयाच्या ओपीडीत पुरेसे पेशंट येतात का? पेशंटच नसतील तर जोडणार कशाशी?
• लॉगबुक काम झाल्यावर भरलं जातं की परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जातं. अडीच हजारांहून अधिक क्षमतांची नोंद ठेवणं हे चांगलं साधन आहे, पण तेच साध्य झालं तर शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही फक्त सह्या गोळा करत बसतात.

पुढे काय?

कागदावर भारताचा अभ्यासक्रम आज जगाच्या बरोबरीनं चालतो. अंमलबजावणीला मात्र माणसं आणि वेळ लागतो, आणि दोन्हींचा तुटवडा आहे. सगळं एकदम करायला जाण्यापेक्षा वर्षाला पाच-सहा आजार निवडून ते खऱ्या अर्थानं एकत्र शिकवणं हा व्यवहार्य मार्ग दिसतो. एक केस, दोन विभागांचे शिक्षक, एकच सत्र आणि त्यावर परीक्षेत एक प्रश्न. शेवटच्या वर्षी त्याच केसकडे पुन्हा वळायचं आणि पहिल्या वर्षीचं विज्ञान तपासून घ्यायचं. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागतं ते इतकंच की ॲनाटॉमीच्या आणि मेडिसिनच्या विभागप्रमुखांनी वर्षाच्या सुरुवातीला एका टेबलावर बसून वेळापत्रक आखावं.

ते टेबल किती कॉलेजांत मांडलं जातं, यावर पुढच्या दहा वर्षांत तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात येणारा डॉक्टर फक्त औषधाचं नाव जाणणारा असेल की त्यामागचं कारणही जाणणारा, हे ठरेल.